बबनच्या रानात गोल्फ

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात, एकात एक कोंबलेले. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या घरात मी "आमच्या ऑफिसात एकदा" एवढं म्हटलं की नवरा पेपर तोंडासमोर धरतो. धरू दे. तुम्ही ऐका.

ऑफिस म्हणजे कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. हॉलमध्ये तीन कॉम्प्युटर, आणि स्वयंपाकघरात प्रिंटर, कारण तो फार कर्कश ओरडायचा. मालक दाते सर. पिंपरीतली चांगली नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता. आम्ही सोसायट्यांचे आणि पतपेढ्यांचे हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचो. मी प्रोग्रॅमर. नाव शैला, स्वभाव तिखट, पगार बेताचा.

*

एक दिवस दाते सर आले आणि चप्पल काढता काढताच म्हणाले, "आपण गेम काढायचा. गोल्फचा."

त्यांचा मावसभाऊ इंग्लंडात असायचा. तिकडे म्हणे घरोघरी कॉम्प्युटर, आणि संध्याकाळी घरातले वडीलधारे त्याच्यावर गोल्फ खेळत बसतात. आपल्याकडेही आता लोक घरी कॉम्प्युटर घ्यायला लागले होते. घेतल्यावर त्याचं करायचं काय, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. बरेच जण त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घालून ठेवायचे.

मी म्हटलं, "सर, गेमच करायचा तर क्रिकेट करू. गोल्फ इथे कुणाला कळतो?"

सरांनी विचार करून ठेवला होता. क्रिकेटला अकरा माणसं पळवावी लागतात, आपल्या मशीनला एक पळवताना दम लागतो. गोल्फमध्ये माणूस एक, चेंडू एक, आणि तो चेंडूही मारेपर्यंत जागचा हलत नाही. आमच्या कॉम्प्युटरच्या वेगाला झेपेल असा जगातला तो एकच खेळ होता.

"पण तुम्ही गोल्फ बघितलाय का कधी?" मी विचारलं.

"येरवड्याहून बसने जाताना गोल्फच्या मैदानाचं कुंपण बघितलंय," सर म्हणाले. तेवढ्या भांडवलावर काम सुरू झालं.

*

सरांनी रद्दीच्या दुकानातून गोल्फचं एक जुनं पुस्तक पैदा केलं. त्यातल्या काठ्यांची चित्रं मी नीट बघितली, चेंडू किती वर जातो आणि कुठे पडतो याची गणितं केली. गुण कसे मोजतात ते प्रकरण मात्र वाचलं नाही. त्यात वाचायचं काय? ज्याचा आकडा मोठा तो पुढे, हे आपल्याला शाळेपासून पक्कं असतं.

त्यामुळे आमच्या गेममध्ये जितके फटके जास्त तितके गुण जास्त. चेंडू भोकापाशी नेऊन मी त्याला चहूबाजूंनी टोले मारत बसायची. ऑफिसात माझा नंबर कायम पहिला. दाते सर तर माझ्या जवळपासही नव्हते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड कर्नल राहायचे. दाते सरांची स्कूटर त्यांच्या जागेत लागली म्हणून ते तक्रार करायला खाली आले आणि पडद्याकडे बघतच राहिले. दर रविवारी खरोखरचा गोल्फ खेळणारा माणूस आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी विचारलं, यात पहिलं कोण? मी अगदी नम्रपणे सांगितलं की मी.

"बाई," ते म्हणाले, "इतक्या फटक्यांत शेत नांगरून होतं."

मग त्यांनी शांतपणे समजावलं की या खेळात कमीत कमी फटके मारणारा जिंकतो. दाते सरांनी पुस्तकातलं ते प्रकरण काढून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे ज्यानं कष्ट कमी केले तो पहिला? साहेब लोकांचा खेळ आहे म्हणतात ते खरंच आहे तर."

कर्नल हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून रोज खाली यायला लागले. स्कूटरही तिथेच राहिली.

*

आता बबन. बबन आमचा चित्रं काढणारा. डिप्लोमा केलेला, बोलायला कमी, कामाला चोख. राहायचा हिंजवडीला. तेव्हा हिंजवडी म्हणजे नुसतं गाव होतं. पुण्यातल्या अर्ध्या लोकांना ते कुठल्या दिशेला येतं तेही ठाऊक नव्हतं. तिथून तो रोज स्कूटरवर यायचा, आणि हंगामात हरभऱ्याच्या ओल्या जुड्या आणायचा. आम्ही सोलून खायचो आणि की-बोर्डमध्ये टरफलं जायची.

गेमची मैदानं काढायचं काम त्याचं. पुस्तकात बघून त्यानं काढली ती सगळी मंगल कार्यालयाच्या लॉनसारखी सपाट आणि गुळगुळीत आली. सर म्हणाले, जीव नाही त्यात. मग एका सोमवारी बबननं सगळी नवी काढून आणली. आणि काय सांगू, ती बघत बसावीशी वाटायची! चढ, उतार, मध्येच दगडांचा ढीग, एका बाजूला ओढा, एक एकटं आंब्याचं झाड.

कर्नल खेळायला बसले आणि अडले. "ही विहीर कशाला इथे?"

"रान म्हटलं की विहीर आलीच ना सर," बबन म्हणाला.

"रान नाही. मैदान."

"हो सर," बबन म्हणाला आणि विहीर तशीच ठेवली.

दाते सरांच्या तेव्हा लक्षात आलं की मैदानांना बबननं नावंही दिलीयत. विहिरीचं, आंब्याचं, खालची पट्टी, ओढ्याकडचं. त्यांनी विचारलं, हे काय आहे? बबननं सांगितलं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्यांच्या घरच्या जमिनीचे तुकडे होते ते, पडद्यावरही तसेच एकाला एक लागून काढलेले. सरकारी मोजणी झाली होती, नोटीस आली होती, आज ना उद्या सगळं जाणार होतं. म्हटलं, कुठंतरी राहू दे.

"आणि तिथे काय येणार?" सरांनी विचारलं.

बबननं समोरच्या पडद्याकडे बोट केलं. "हेच सर. कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार म्हणतात."

प्रिंटर तेवढा आत ओरडत होता. सर उठून आत गेले, तो बंद केला, आणि येऊन म्हणाले, "विहीर राहू दे."

*

पुढे एकदा बबनचं आणि माझं भांडण झालं. चेंडू ओढ्याकडे घरंगळतो तो मी लिहिलेल्या गणितानं बरोबर घरंगळत होता, पण बबन म्हणे, तिथला उतार असा नाहीच. मी म्हटलं, गणित आहे ते, त्याला काय तू शिकवणार? तो म्हणाला, चला मग ताई, बघून या. मीही हट्टाची. दुसऱ्या दिवशी टेनिसचा चेंडू घेऊन मी बसने हिंजवडीला गेले.

बबनचे वडील बांधावर बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. शेजारी ट्रान्झिस्टर चालू. पुण्याची एक बाई बांधावरून चेंडू सोडतेय आणि त्याच्यामागे साडी सावरत पळतेय, हे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांना राहवेना. मी त्यांना खेळ समजावला.

"येवढं रान, आन् खेळणार येकटा?" आबा म्हणाले. "मंग बाकीचे काय करत्यात?"

मी म्हटलं, बघतात.

आबांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, चेंडू हातात उचलून न्यावा आणि भोकात टाकावा, लवकर होईल. आणि त्यांनी तसं करून दाखवलं! मग स्वतःच खूप हसले. बबनला हाका मारमारून सांगत होते, बबन, तुझ्या सायबाला सांग, आबा येका फटक्यात जिंकला. आणि निघताना घेवड्यानं भरलेली पिशवी माझ्या हातात कोंबून म्हणाले, आमचं रान काय जात न्हाय पोरी, दर येळी येत्यात, मोजत्यात आन् जात्यात. बबन तेव्हा दुसरीकडे बघत होता.

आणि उतार? बबनच बरोबर होता. मी गणित बदललं, पण त्याला तसं बोलून दाखवलं नाही.

*

दिवाळी झाली आणि जमीन गेली. सगळी. एका अंगानं जेसीबी आत शिरले आणि बांध गेले.

आबांनी बबनशी बोलणं टाकलं. आता बबनचा त्यात दोष काय? काहीच नाही. त्यानं कुठे सही केली नव्हती, कुणाला सामील झाला नव्हता. पण रान घेऊन तिथे जे येणार होतं, तेच करायला हा रोज सकाळी स्कूटरला किक मारून जात होता. आबांना तो त्या कंपनीवाल्यांतलाच वाटायला लागला. घरात जे काही सांगायचं ते बबनच्या आईला सांगायचं. त्याला म्हणावं जेवायला बस. त्याला म्हणावं गुरांना पाणी पाज. बबन समोरच बसलेला असायचा.

सुरुवातीला तो ऑफिसात हसत सांगायचा, "आमच्यात आई आता मोडेम झालीय." इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. आम्हीही हसलो. महिने गेले तसं त्याचं हसणं थांबलं.

त्याचं एकच मागणं होतं. आबांनी एकदा, फक्त एकदा, येऊन तो गेम बघावा. विहीर आहे, आंबा आहे, ओढा आहे, सगळं जागच्या जागी आहे. आईकरवी त्यानं कितीदा तरी विचारलं. आबांचं उत्तर यायचं, "त्याला म्हणावं, ज्यानं रान खाल्लं त्याच्या त्वांडात मी बघायचा न्हाय."

*

गेम तयार झाला. शहरात कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे आम्ही स्टॉल लावला. पुण्यात स्टॉल लावणं म्हणजे काय असतं ते लावल्याशिवाय कळत नाही.

एक गृहस्थ आले. त्यांनी चष्मा पुसला, गेम नीट बघितला आणि विचारलं, "यानं मुलांचं गणित सुधारतं का?"

दाते सर खोटं बोलत नाहीत, हाच त्यांच्या धंद्यातला मोठा दोष. म्हणाले, "नाही."

"इंग्रजी?"

"नाही."

"मग काय सुधारतं?"

"काहीच नाही. खेळ आहे."

"अहो, मग तो विकताय कशाला?" गृहस्थ म्हणाले आणि शेजारच्या स्टॉलवर गेले. तिथे टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम होता. गर्दी हटत नव्हती.

दुसरे एक आजोबा आले, आमच्या एकमेव खुर्चीवर बसले आणि दुपारभर खेळले. रांग लागली, तरी उठेनात. शेवटी चहाची वेळ झाली म्हणून उठले. सरांनी मोठ्या आशेनं विचारलं, कसा वाटला? आजोबांनी विचार केला. म्हणाले, "ठीक आहे." सर दिवसभर खूश होते. इथला जन्म असल्यामुळे त्यांना याची किंमत कळत होती.

बबन मात्र सारखा दाराकडे बघत होता. आईला तो सांगून आला होता की आबांना घेऊन ये. आई एकटी आली. स्टॉलवरून हात फिरवला, पोराच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि परतीच्या बसला गेली.

*

विक्री झाली नाही म्हणजे गेम पसरला नाही असं समजू नका. दाते सर बायकोकडच्या कुणाच्या मुंजीला गेले होते. जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत पोरांचा गलका, म्हणून डोकावले. आमचाच गोल्फ! यजमानांना आम्ही तो विकलेला नव्हता, म्हणजे कुठून तरी उतरवून घेतलेला. मुंज कुणाची, गेम कुणाचा, कुठे वाद घालणार?

यजमानांनी त्यांना तिथे उभं बघितलं आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "आवडला का? देतो की फ्लॉपीवर उतरवून. यात संकोच कसला?"

सर ती फ्लॉपी घेऊन सोमवारी ऑफिसात आले. आमचाच गेम, भेट म्हणून मिळालेला. मी ती मशीनमध्ये घातली तर तिच्यात व्हायरस निघाला. दोन दिवस आमचं सगळं काम बंद. माझा नुसता संताप झाला होता, पण सर म्हणत होते, "बघा शैला, पोरं खेळत होती. विहिरीत चेंडू गेला की ओरडत होती."

*

सरांच्या मावसभावानं इंग्लंडात गेम दहा जणांना दाखवला. तिकडे लोकांना विहीर फार आवडली. पायऱ्यांची विहीर असलेलं गोल्फचं मैदान त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याच्या शेजारचा एक हौशी गोरा खेळाडू विचारत होता, हे मैदान खरंच आहे का? असलं तर तो पुढच्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येणार होता, तिथे एकदा खेळायचं होतं त्याला.

सरांनी फोनवर हात ठेवला आणि बबनकडे बघितलं. परदेशातल्या फोनचं मिनिट म्हणजे काय भाव होता तेव्हा, पण सर थांबून राहिले.

"काय सांगू रे?"

बबन स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "सांगा, सध्या काम चालू आहे."

*

आता हा एक. हा मी शेवटी ठेवते, कारण तो सांगितल्यावर मला दुसरा काही सांगता येत नाही.

आबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर आमच्याच गल्लीत. तपासणीला आबांना घेऊन बबन आला. यावेळी आई सोबत नव्हती, तिचे गुडघे धरले होते, त्यामुळे हिंजवडीपासून दोघं एका स्कूटरवर बसून एक शब्द न बोलता आले असणार. आले ते भर दुपारी. आता दुपारी एक ते चार पुण्यात काय उघडं असतं? दवाखान्याला कुलूप. उन्हात कुठे उभं करणार म्हाताऱ्या माणसाला, म्हणून बबन त्यांना आमच्याकडे घेऊन आला. आबांचा नाइलाज होता. मला ओळखलं त्यांनी. माझ्याशी बोलले, पाणी प्यायले, आणि मुद्दाम कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले.

कर्नल खेळत होते. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. नेहमीप्रमाणे विहिरीत चेंडू गेला आणि नेहमीप्रमाणे ते वैतागले, "या विहिरीला कुणीतरी झाकण लावा."

आबांनी मान वळवली. नवा डोळा होता. पडद्याकडे बघितलं, मग उठून उभे राहिले आणि पुढे आले. बबन आपल्या खुर्चीत तसाच बसून होता, हाताची घडी घालून.

"पोरी," आबा मला म्हणाले, "ही इहीर आमची हाय."

मी म्हटलं, हो आबा.

"त्यो आंबा बी."

"हो."

कर्नल उठले आणि त्यांनी खुर्ची आबांपुढे सरकवली. आबा बसले. मला म्हणाले, त्याला इचार, ह्ये चालवायचं कसं. बबन हाताच्या अंतरावर होता. मी वळून त्याला विचारलं, त्यानं मला सांगितलं, मी आबांना सांगितलं. बाणाच्या बटणांनी दिशा धरायची, लांब पट्टी दाबली की फटका.

आबांनी एक फटका मारला. भोकावरचा झेंडा होता उजव्या हाताला. आबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. चेंडू आंब्याखाली नेला, तिथे जरा थांबले. मग विहिरीच्या कडेनं. मग खालच्या पट्टीला. कर्नलनी एकदा सांगून बघितलं की भोक इकडे आहे, आबांनी मान हलवली आणि आपल्या वाटेनं चालले. बांधाबांधानं चालत होते ते. दाते सर स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभे होते, चहाचं विसरून गेले होते.

ओढ्यापाशी आल्यावर आबांनी जोरात मारला. चेंडू ओढ्यावरून पलीकडे गेला, आणि पडद्यावर अक्षरं आली.

"काय म्हणतंय?" आबांनी मला विचारलं.

मी वाचून दाखवलं. चेंडू हद्दीबाहेर गेला. एका फटक्याचा दंड.

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता, सरळ शेजारी वळून म्हटलं,

"बबन, हद्द चुकलीय तुझी. वड्याच्या पल्याडचं बी आपलंच हाय."

बबननं खुर्ची पुढे घेतली आणि की-बोर्ड जवळ ओढला.